शेवट मॅडमकडे आहे

मी एक अर्धी कादंबरी बोलतेय. मला उंदरांनी कुरतडलेलं नाही की पुरात मी वाहून गेले नाही. मला स्वयंपाकघरातल्या सुरीने, चारचौघांसमोर, रीतसर कापलंय. पान एक ते दोनशे बारा, एवढाच आता माझा संसार.

जन्म माझा मनिलातल्या एका लहानशा छापखान्यातला. कागद हलका, मुखपृष्ठ भडक: विजेचं मीटर आणि त्यातून बाहेर आलेला एक केसाळ हात. माझा नायक सेवेरो घरोघर जाऊन मीटरचे आकडे लिहून घेणारा माणूस. घर वर्षानुवर्षं बंद आणि वीज मात्र जळतेच आहे, असं कुठे दिसलं की त्याचा तपास सुरू. झाडावर बसून चिरूट ओढणारा राक्षस कापरे आणि घोड्याच्या तोंडाचा तिकबालांग हे त्याचे खबरे. एवढं सगळं असून खपले मी बेताचीच. मनिलाजवळच्या मरिकिनातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात धूळ खात पडले होते, तिथून लुर्देस मॅडमनी मला उचललं.

मॅडमनी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मग मूत्रपिंडांनी राजीनामा दिला आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार त्या बेकरीच्या वरच्या मजल्यावर डायलिसिसला येऊ लागल्या. चार तास एका खुर्चीत, हाताला नळ्या, खालून पावाचा वास. खायला जवळजवळ सगळ्याचीच बंदी, म्हणून त्या मला वाचायच्या.

शेजारच्या खुर्चीत क्रिसांतो. तीस वर्षं भाड्याची प्रवासी जीप हाकलेला माणूस, घरी एकटा. यायचा त्याला मनस्वी कंटाळा; दोनदा आला की तिसऱ्यांदा दांडी ठरलेली.

"मॅडम," तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "या वयात जपमाळ ओढायची सोडून हे काय घेऊन बसलात?"

"जपमाळेचा शेवट मला पाठ आहे, क्रिसांतो. याचा नाही."

त्या हट्टाने मोठ्यानं वाचू लागल्या, आणि हा डोळे मिटून ऐकत नसल्याचं नाटक करू लागला. दुसऱ्या आठवड्यात नाटक फसलं.

"तिकबालांग आपल्या मरिकिनात राहतो म्हणे! मी तीस वर्षं त्याच रस्त्यावर होतो. एकदाही भाडं दिलं नाही त्यानं."

"मागे लटकून जाणारे देतात का कधी?"

नर्स आर्विन इतका हसला की सुई लावायची थांबवावी लागली त्याला. त्यानंतर क्रिसांतोची दांडी बंद झाली. तो मॅडमच्या आधी येऊन बसू लागला. मी आर्विनच्या खणात राहायचे, आणि नियम असा होता की एकट्याने कुणी पुढे वाचायचं नाही.

मग एका गुरुवारी क्रिसांतो सहज बोलून गेला, "एकदा त्या मीटरवाल्याचं काय होतं ते कळलं ना, की मी यायचा बंद. पुरे झालं हे टोचून घेणं."

त्या दिवसापासून मॅडमचं वाचन गोगलगाईला लाजवेल असं झालं. आधी दिवसाला दहा पानं व्हायची, आता चार. मध्येच थांबून त्या म्हणायच्या, "थांब, सेवेरोचे आकडे चुकतायत. कर बरं वजाबाकी." आणि क्रिसांतो कुरकुरत बोटांवर वजाबाकी करायचा. माझ्यातल्या भुतांना पुष्कळजण घाबरले असतील. माझ्या शेवटाला घाबरणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. मला त्यांचा फार लळा लागला.

छप्पन्न पानं उरली होती. सेवेरो बंद घराच्या दारावर थाप मारून उभा होता. त्या शनिवारी मॅडमची खुर्ची रिकामी राहिली. आदल्या दिवशी सकाळी त्यांचं हृदय थांबलं होतं.

क्रिसांतो चार तास भिंतीकडे बघत बसला. निघताना म्हणाला, "दे ती."

आर्विनने मला खणातून काढलं, पण हातातून सोडवेना त्याला. "वाचून टाकणार?"

"बघू."

रविवारभर मी त्याच्या टेबलावर होते. दोनदा त्याने मला खुणेच्या पानाशी उघडलं आणि दोनदा मिटलं. तासाभराचं काम होतं. त्या तासानंतर काय, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

सोमवारी दुपारी मॅडमना पुरायचं होतं. घर शेजाऱ्यांनी भरलेलं, कोपऱ्यात पत्त्यांचा डाव, कॉफीचे पेले फिरतायत. शवपेटी बंद करायच्या आधी मुलगी जोसी आईच्या हातातली जपमाळ कात्रीने कापत होती. ती कापावीच लागते, नाहीतर गेलेला माणूस मागच्यांना एकेक करून ओढून नेतो.

"काका, आणलंत का पुस्तक?" ती म्हणाली. "आई सांगून गेलीय, ते माझ्यासोबत ठेव. शेवट कळल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणाली."

क्रिसांतोने मला पुढे केलं. तेवढ्यात शेजारची म्हातारी पत्ते टाकून उठली. "अगं, दोघांनी मिळून वाचलंय ना ते? अख्खं ठेवलंस तर याला ओढून नेईल ती. जपमाळ कापलीस, तसं तेही काप."

कुणी हसलं नाही. जोसी आत जाऊन सुरी घेऊन आली. "काका, तुम्हाला कुठला भाग हवा?"

मला वाटलं, संपलं. हा शेवट मागणार आणि मंगळवारची खुर्ची रिकामी राहणार. क्रिसांतोने खुणेच्या पानावरून अंगठा फिरवला.

"शेवट तिला दे. मला सुरुवात चालेल."

"पण तुम्हाला तो माहीत नाही."

"तिला तरी कुठे माहीत आहे? मास्तरीण आहे ती. आधी वाचेल, मग मला शिकवेल."

दुखलं, खोटं कशाला बोलू? पण माझी छप्पन्न पानं मॅडमच्या हाताखाली ठेवली गेली तेव्हा मला त्या पानांचा हेवाही वाटला.

मयताच्या घरून सरळ आपल्या घरी जायचं नसतं, कुणीतरी मागोमाग येतं. म्हणून क्रिसांतो मला काखोटीला मारून डायलिसिसच्या खालच्या बेकरीत थांबला. आर्विन तिथे पाव घेत होता. त्याने माझी उघडी पाठ पाहिली.

"अर्धीच?"

"अर्धीच. उद्या माझी खुर्ची कुणाला देऊ नकोस."

याला आता दोन वर्षं झाली. मॅडमच्या खुर्चीत हल्ली मासळी विकणारी बेबांग बसते. क्रिसांतो तिला मला वाचून दाखवतो, ओळीखाली बोट फिरवत, मॅडमपेक्षाही सावकाश. परवा आम्ही दोनशे बाराव्या पानाशी पोचलो.

"आणि पुढे?" बेबांग म्हणाली.

"पुढचं मॅडमकडे आहे."

"त्या कधी भेटतील?"

"भेटतील गं. एवढी घाई काय आहे?" असं म्हणून त्याने माझं पहिलं पान उघडलं.

तुमच्याकडे माझी एखादी धडधाकट बहीण असेल, आणि तुम्ही तिचा शेवट वाचला असेल. माझी हात जोडून एकच विनंती आहे: कधी मरिकिनाला आलात, तर तो आमच्या कानावर घालू नका. क्रिसांतोला मंगळवारी यायचंय.