मेमोवर बसलेली लेक

रोझेल्डा बॅसननं सदतिसाव्या वर्षी बारावीला बसायचं ठरवलं, आणि तिची लेक नेमकी त्याच वर्षी बारावीत. लिझाने तिचं नाव. कारू नावाच्या उजाड माळरानावरच्या त्या मेंढ्यांच्या गावात दवाखान्याची फरशी पुसून रोझेल्डा विटली होती. तिला नर्स व्हायचं होतं आणि नर्सिंग कॉलेजला जीवशास्त्रात साठ टक्के लागायचे. एकोणसाठला दारात उभं करणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"परीक्षेच्या हॉलमध्ये मला हाक मारू नकोस हं, मम्मी," लिझानेनं आधीच बजावलं. "पोरी हसतील."

"बरं बाई. तू कोण नि मी कोण," रोझेल्डा म्हणाली खरी, पण तिच्या मनाला लागलं.

शाळेतून तिनं जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा आणला, सगळ्या आफ्रिकान्समधल्या, म्हणजे तिच्या घरच्या भाषेतल्या. शेजारची सीना म्हणाली, इंग्रजीतून परीक्षा दे, पुढं उपयोगी पडेल. "अगं, ज्या भाषेत मी शेळ्यांना शिव्या घालते, त्याच भाषेत मला किडनी समजणार," रोझेल्डानं तिला सुनावलं. प्रत्येक पत्रिकेमागं मेमो होता, म्हणजे पेपर तपासणाऱ्यांसाठी छापलेली उत्तरं. रोझेल्डाबाईंनी थेट मेमोच घोकायला घेतले. भांडी घासताना मेमो, चहा उकळताना मेमो.

सप्टेंबरच्या सराव परीक्षेत व्हायचं तेच झालं. जीवशास्त्राच्या फोर्टेन सरांनी पेपर परत देताना कसंबसं हसू दाबलं. एकेकाळी त्यांनीच तिला शाळेत शिकवलेलं. प्रत्येक उत्तराखाली तिनं इमानेइतबारे लिहिलं होतं, 'कोणतेही तीन'. यातल्या कोणत्याही तीन मुद्द्यांना गुण द्या, अशी ती सूचना तपासनिसाला असते, हे तिच्या गावीही नव्हतं. कुठं कुठं तर बरोबरच्या खुणाही तिनं स्वतःच करून ठेवल्या होत्या.

"मेमो तुला पाठ आहे गं," सर म्हणाले. "जीवशास्त्र कुठंय?"

गुण होते त्रेचाळीस. घरी येऊन तिनं गठ्ठा चुलीजवळ आपटला. लिझाने आधी पोट धरून हसली.  मग आईचा चेहरा बघून तिनं सगळे मेमो उचलले, खुर्चीवर ठेवले आणि त्यांच्यावर ऐसपैस बसली.

"आता सीनामावशीला सांगतेयस असं समज. घाम खूप आला की लघवी कमी का होते?"

"कारण मेमोत दिलंय की..."

"मेमोवर मी बसलेय, मम्मी. तू सांग."

पुढं रोज संध्याकाळी हेच. रोझेल्डा चिडायची, अडखळायची, पुन्हा सांगायची. लेक काही उठायची नाही.

नोव्हेंबरच्या पेपरात एक प्रश्न असा आला, जो कुठल्याच जुन्या पत्रिकेत नव्हता. दिवसभर उन्हात मेंढ्या राखणाऱ्या माणसाची लघवी गडद का होते? रोझेल्डाचा नवरा मेंढ्याच राखायचा. त्याचे घामानं कडक झालेले सदरे तिनं आयुष्यभर धुतले होते. शरीर पाणी कसं राखून ठेवतं, मेंदू किडनीला निरोप कसा धाडतो, सगळं तिनं सीनाला सांगावं तसं लिहिलं. खाली 'कोणतेही तीन' लिहिलं नाही.

बाहेर पोरी कुरकुरत होत्या. लिझानेही रडकुंडीला आली होती, तिनं तिथं मधुमेहाचं पाठ केलेलं उत्तर ठोकून दिलं होतं. रोझेल्डा ठरल्याप्रमाणं फाटकापाशी लांबच उभी राहिली.

निकालाच्या दिवशी तिला सुट्टी मिळाली नाही. ती दवाखान्याची फरशी पुसत होती. तेवढ्यात दारात लिझाने आली आणि तिच्यामागं वर्गातल्या साताठ पोरी.

"मम्मी," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली. "तुला अडुसष्ट. मला एकसष्ट."

 रोझेल्डानं पोछ्याच्या दांड्याला घट्ट धरलं. ऊर इतका भरून आला होता की ओल्या फरशीवर उमटलेल्या पावलांबद्दल रागवायचंही राहून गेलं.

लिझाने पोरींकडं वळली. "ही माझी आई. मेंढपाळाचं उत्तर काय होतं, ते हिला विचारा."

आणि रोझेल्डानं तिथंच उभ्या उभ्या, पहिल्यापासून, त्यांना ते समजावून सांगितलं.