मानाच्या जागेमागची तार

डोंगराळ नारिन गावच्या थंडीत मुलीकडचे आधी घराची ऊब बघतात आणि मग मुलगा. म्हणून सूयुनबेकने पोराच्या सोयरिकीसाठी घर तापवणारा नऊ किलोवॅटचा बॉयलर आणला. तो जरा तापला की ब्रेकर पडायचा. वायरमन कादिरने सांगितलं, तार बारीक आहे. आधी जाड तांब्याची ओढू, मग तिच्या मापाचा ब्रेकर लावू. पण जुनी तार होती दारासमोरच्या भिंतीत, जिथे पाहुण्यांना मानाने बसवतात. पाहुणे तोंडावर आलेले असताना ती भिंत फोडायची? सूयुनबेकने कादिरला वाटेला लावलं आणि बाजारातून दुपटीहून मोठा ब्रेकर आणून स्वतःच बसवला. तो काही केल्या पडेना. स्वतःच्या अकलेवर गडी बेहद्द खूश झाला.

पाहुणे आले. मुलीच्या आजीला, अनारकान आपाला, मानाच्या जागी बसवलं. भिंतीवरच्या नमद्याला, लोकरीच्या जाड गालिच्याला, पाठ टेकून तिने डोळे मिटले.

"अशी ऊब जन्मात पाहिली नाही," ती म्हणाली. "इथे भिंतसुद्धा गरम आहे."

सगळे हसले. सूयुनबेकने मात्र चहाची वाटी खाली ठेवली. बॉयलर पलीकडच्या खोलीत होता.

बॉयलर बंद केला तर घर गारठणार आणि सोयरीक मोडणार. म्हातारीला उठवावं, तर मानाच्या जागेवरून उठवलेला पाहुणा पुन्हा उंबरा चढत नाही. खिडकीतून डोंगर छान दिसतो, असं त्याने सुचवून पाहिलं. डोंगर आपण लहानपणीच पाहिलेत, असं म्हणून आपा आणखी रेलली. बायको तुर्सुनाय डोळे वटारू लागली. मग नमद्यातून करपट वास आला.

सूयुनबेक धावत जाऊन ब्रेकर पाडून आला.

"आपा, उठा तिथून," तो म्हणाला. "तार बारीक, ब्रेकर मोठा आणि मी गाढव."

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. आपा सावकाश उठली, नमदा बाजूला सारून तिने भिंतीला हात लावला आणि चटकन काढून घेतला.

"भर बैठकीत स्वतःचं नाक कापून घेतलंस, पण माझी पाठ वाचवलीस," ती म्हणाली. "पोरगी दिली. भिंत मात्र आत्ता फोडायची, माझ्यासमोर."

कादिरला बोलावणं गेलं. गारठलेल्या घरात सगळ्यांनी कोट चढवले आणि पहिला घाव घालायचा मान मुलीकडच्या नव्या व्याह्यांना दिला.