दोन की चार

दुकानदाराने कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचे दोन डबे काचेवर शेजारी शेजारी ठेवले आणि डावीकडच्यावर बोट टेकवलं.

"हा ड्युअल-कोअर. आत दोनच गडी, पण चपळ. आजच्या गेमना हाच जास्त पळेल. आणि हा क्वाड-कोअर. चार गडी, जरा हळू. पण तीन-चार वर्षांनी जे गेम येतील ना, त्यांना चार लागणारच. तेव्हा पहिला धापा टाकेल."

"चारवालाच द्या," आई म्हणाली.

तिला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण जन्म शिलाई मशीनवर गेलेल्या बाईला पुढचं बघायला शिकवावं लागत नाही. मुलांचे कपडे शिवताना ती शिवणीत आत दोन बोटं जादा कापडाची माया सोडायची, पोर वाढलं की उसवून सैल करून द्यायची. गिऱ्हाइकं त्यासाठीच तिच्याकडे येत.

मुलगा टोपी कानांपर्यंत ओढून स्टुलावर बसला होता. वर्षभर त्याने क्वाड-कोअरचा जप लावला होता आणि वर्षभर बापाने तो कानाआड केला होता. मग गेल्या महिन्यात डॉक्टरांनी नवरा-बायकोला आत बोलावून दार लोटून घेतलं. त्या दिवसापासून घरात कशालाच नाही म्हणणं उरलं नाही. मुलाला मात्र सांगितलं होतं, औषध लागू पडतंय. तिने नवऱ्याला शपथ घातली होती, अवाक्षर काढायचं नाही.

"दोनवाला द्या, काका," मुलगा म्हणाला.

"अरे, चार चार करून डोकं खाल्लंस ना माझं?"

"तेव्हा खाल्लं. आता हाच बरा. आत्ताचेच गेम खेळायचेत."

"आणि पुढचे? पुन्हा मला इथे खेपा घालायला लावशील." ती हसली. हसणं आपल्याला चांगलं जमतंय, असं तिला वाटत होतं.

दुकानदार काहीतरी आणायच्या निमित्ताने आत गेला.

मुलाने अंगातल्या नव्या शर्टाचं टोक उलटं केलं. तिनेच आठवड्यापूर्वी शिवलेला. तो शिवण चाचपत राहिला.

"आई, माझ्या प्रत्येक शर्टाला तू आत माया सोडायचीस. टोचतं म्हणून मी ओरडायचो."

ती पर्समधले पैसे मोजू लागली.

"ह्याला नाही सोडलीस."

तिने वाकून पाहिलं. कापड शिवणीलगत नीट छाटलेलं होतं. कात्री कधी चालली, तिला आठवेना. स्वतःच्या तोंडाला कुलूप घातलं होतं, नवऱ्याच्याही; हातांना बजावायचं राहून गेलं होतं.

मुलाने शर्ट खाली सोडून नीट केला.

"छान बसतो, आई. टोचत नाही अजिबात."

दुकानदार परत आला. "मग, काय ठरलं?"

तिने डावीकडचा डबा त्याच्यापुढे सरकवला.

"आजच जोडून मिळेल का?"