रव्याचं काडतूस

आमच्या ह्यांचा जीव कशात असेल, तर आजोबांच्या रिव्हॉल्वरमध्ये. माझ्यात नाही, पेन्शनमध्ये नाही. आजोबा पहिल्या महायुद्धातून परतले तेव्हा कुणा गोऱ्या साहेबाने दिलेलं ते धूड घेऊनच घरी आले. परवाना आहे हो, रीतसर. पण त्या जातीची काडतुसं आता बाजारात मिळत नाहीत. मग काय, आमच्या रवींद्ररावांनी माझ्या स्वयंपाकघराचा कारखाना केला. उडालेल्या काडतुसांच्या पितळी नळ्या जपायच्या, बुडाला नवी टोपी बसवायची, सोनाराच्या काट्यावर बारूद तोलायची, वर शिशाची गोळी दाबायची. त्यांचे हात कापायला लागले तेव्हापासून नरसाळं मीच धरते. "साधना, श्वास रोख," म्हणतात. किती रोखायचा माणसाने! असं घरी भरायलाही वेगळा परवाना लागतो का, ते मी कधी विचारलं नाही. विचारून कोण ऐकणार होतं?

त्यातलं एक काडतूस आमच्या देवघरात असतं, खंडेनवमीला पूजेत ठेवायचं. देवापुढे बारूद नको म्हणून त्यात रवा भरलाय, तोही माझ्याच डब्यातला. ओळखू यावं म्हणून बुडाला माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका.

२०१६च्या नवरात्रात आम्ही सिंगापूरला आमच्या लेकाकडे, रुचिरकडे, त्याच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटवर गेलो. निघण्याआधी रिव्हॉल्वर आणि काडतुसांची डबी पुण्यात पोलीस ठाण्यात जमा केली, आणि ह्यांचं तोंड जे उतरलं ते उतरलंच. "आता पूजा कसली करू, लॅपटॉपची?" म्हणे. मला आपलं वाईट वाटलं. म्हणून बॅग भरताना समई, निरांजन आणि ताम्हणाच्या गठ्ठ्यात मी देवघरातलं ते काडतूसही गुंडाळलं. ह्यांना बोलले नाही. म्हटलं, ऐन पूजेला काढू, स्वारी खूश होईल. इतक्या पितळात विमानतळावरच्या कुणाला ते दिसलंही नाही.

खंडेनवमीला रुचिर सकाळीच रॅफल्स प्लेसच्या बँकेत गेला होता. सून अश्लेषा घरूनच काम करत होती. मी पाट मांडला, त्यावर तिची सुरी, स्क्रूड्रायव्हर, जुना लॅपटॉप. मग पदराआडून काडतूस काढलं, पाटावर उभं केलं आणि कुंकू लावलं.

अश्लेषाच्या हातातला फुलांचा द्रोणच खाली पडला. "आई! हे इथे कसं आलं?"

"अगं, रवा आहे त्यात. शोभेचं आहे."

"रवा असो नाहीतर साखर! इथे एक गोळी सापडली तरी माणूस तुरुंगात जातो. वयबिय काही बघत नाहीत."

हे तोवर पाटापाशी आले होते. मला वाटलं हसतील. त्यांनी काडतूस उचललं, उलटं केलं आणि बुडाकडे बघतच राहिले.

"साधना, ठिपका कुठाय?"

दसऱ्याचं म्हणून, डबी ठाण्यात जाण्याआधीच, घरातलं सगळं पितळ मी चिंच लावून लख्ख घासलं होतं. देवघरातलं काडतूस घासलं. त्यांची डबी उपडी करून त्यातलीही घासली. सगळी एकाच परातीत. मग त्यातलंच एक उचलून देवघरात ठेवलं. घासण्याच्या नादात ठिपक्याची आठवण कुणाला होती!

"डबीतली पण घासलीस?" त्यांनी हळूच विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

अश्लेषाने रुचिरला फोन लावून स्पीकरवर टाकला. तो लगेच म्हणाला, "बाबा, कागदात गुंडाळा आणि किचनमधल्या च्यूटमध्ये टाका. आत्ताच्या आत्ता. कुणाला कळणार नाही."

अकराव्या मजल्यावरून कचरा त्या नळातून थेट तळातल्या डब्यात पडतो. तो डबा ओढून नेणाऱ्या म्हाताऱ्याला हे रोज सकाळी हात करायचे, आणि तोही करायचा.

"आणि फुटली म्हणजे?" हे म्हणाले. "इथे कचरा जाळतात ना रे?"

"पण रवा असेल तर?" रुचिरने विचारलं.

"रवा असेल तर काही नाही."

ह्यांनी काडतूस कानाशी नेऊन हलवलं. पुन्हा हलवलं. दारूगोळ्याच्या कारखान्यात उभी हयात गेलेली, कान कधीच गेलेत. मग त्यांनी ते माझ्यापुढे धरलं. "तू ऐक."

मी कानाशी धरलं. अश्लेषाने पंखा बंद केला. जन्मभर रवा चाळलाय मी, भाजलाय, पाखडलाय, झोपेतसुद्धा ओळखेन. रवा सुळसुळतो. हे आत कोरडं, तुटक वाजत होतं.

खोटं बोलावंसं वाटलं मला, अगदी जिभेवर आलं. रवाच आहे म्हटलं की काडतूस च्यूटमध्ये जाईल, संध्याकाळी आरती होईल, आणि हा माझा म्हातारा तुरुंगात जाणार नाही. कुणीसुद्धा मला विचारणार नव्हतं. पण तो खालचा म्हातारा, त्याला कुणी विचारलं होतं?

"रवा नाहीये," मी म्हणाले, आणि मला हुंदकाच फुटला.

ह्यांनी काडतूस परत पाटावर ठेवलं. "अश्लेषा, पोलिसांना फोन लाव. आणि हे बघ, बॅग मी भरली. गोळी माझी, बॅग माझी. कळलं?"

"अहो, काहीतरीच काय!"

"तू गप्प बस."

पोलीस लगेच आले. हातमोजे घातलेल्या एकाने काडतूस उचललं. दुसरी तरुण पोरगी, चेहरा शांत. तिने इंग्रजीत विचारलं, बॅग कुणी भरली?

"आय डिड," हे ताठ उभे राहून म्हणाले.

"आणखी काय होतं बॅगेत?"

"शर्ट," हे म्हणाले. मग थांबले. "शर्ट... आणि टॉवेल." ज्या माणसाला स्वतःचा बनियन कुठल्या कप्प्यात असतो हे लग्नापासून माहीत नाही, तो बॅग भरणार! त्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. त्या पोरीनेही मग माझ्याकडेच पाहिलं.

"माय पॅकिंग," मी म्हणाले. "समई, निरांजन, ताम्हण. अँड धिस. ही डज नॉट नो." अश्लेषाने उरलेलं नीट सांगितलं, परातीपर्यंत.

हे मराठीत माझ्यावर ओरडत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं. ती पोरगी म्हणाली, आत्ता आधी मी चलायचं, ह्यांना मागून बोलावतील. मी चपला घालत होते तोवर हे आत पळाले. कपाटं उघडल्याचे, आपटल्याचे आवाज आले. लिफ्टचं दार बंद होता होता त्यांनी एक पिशवी माझ्या हातात कोंबली. "तिथे एसी असेल," एवढंच म्हणाले.

गाडीत बसल्यावर मी पिशवी उघडली. माझा स्वेटर होता, उलटा घडी घातलेला. रक्तदाबाचं औषध होतं. चष्म्याचं घर होतं. ते उघडलं तर आत चष्मा नव्हता, आणि मग मात्र मला रडणं आवरेना.