वन्सं "छान" म्हणाल्या

पानगळ सुरू झाली की वन्सं यायच्या. वन्सं म्हणजे वहिनीच्या नवऱ्याची थोरली बहीण. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या, आणि बॅगेत कपड्यांपेक्षा चिंध्या जास्त. पंधरा दिवसांचा मुक्काम असायचा. तेवढ्या दिवसांत दोघी नणंद-भावजय जेवणाच्या टेबलावर एक गोधडी पुरी करायच्या. यंदाची गोधडी वन्संच्या नातीसाठी होती: जुन्या कोटांचे तपकिरी तुकडे, पडद्यांचा विटका तांबडा, मधूनच एखादा हळदीसारखा पिवळा.

वहिनीला सगळी गल्लीच वहिनी म्हणे, पोस्टमनसुद्धा. नाशपतीचा आणि अक्रोडाचा तिचा केक गल्लीभर नावाजलेला होता. फक्त वन्संच्या तोंडून त्याला कधी बरा शब्द निघाला नव्हता. "दालचिनी काय सोन्याच्या भावाने आणलीस?" नाहीतर "केक आहे का उशी?" तीस वर्षं हेच. वहिनी फणकारायची आणि दुसऱ्या दिवशी ईर्षेने पुन्हा केक करायची.

यंदा मात्र ओव्हनपाशी उभी असताना ती धास्तावली होती. उन्हाळ्यात आठवडाभर ताप आला, गेला, आणि जाताना तिची वासाची जाणीव घेऊन गेला. वासापाठोपाठ चवही गेली. तोंडात नुसतं गरम, गार, मऊ, कडक एवढंच कळे. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. रोजचा स्वयंपाक हाताच्या सवयीवर निभत होता. पण केक ती आजवर नाकाने भाजत आली होती. मधल्या खोलीत वास पोचला की झाला. आज ती स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे टक लावून बसली.

दुपारी चहाबरोबर तिने केक दिला. वन्संनी सुई कापडात खोचली, तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "छान झालाय."

वहिनीच्या हातातला कप तिथेच थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. घड्याळं दुरुस्त करणारा तो शांत माणूस मान खाली घालून केक संपवत होता, आणि दुसरा पेला पाणी ओतून घेत होता.

"वन्सं, खरं सांगा."

"सांगितलं ना. छान आहे."

"तीस वर्षांत तुम्ही मला छान म्हटलेलं नाही."

वन्संनी उगाचच धावदोरा घालायला घेतला. दोन टाके घातले, दोन्ही वाकडे. मग सुई खाली ठेवली. "अक्रोड खवट आहेत गं. शिवाय बुडाला लागलाय. पण तुझा चेहरा बघितला आणि म्हटलं, आज नको."

मग वहिनीने सगळं सांगितलं. रडू आवरायचा प्रयत्न केला, पण ते काही आवरलं नाही.

नवरा पाण्याचा पेला तसाच धरून बसला होता. "मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही रोज मुकाट्याने जेवत होतात. म्हटलं, जमतंय मला."

"अगं, उन्हाळ्यापासून कधी मीठ कमी, कधी डबल. मला वाटलं वय झालं, माझीच जीभ गेली! कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं मनात होतं, पण तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

वन्संच आधी हसल्या. "एकापेक्षा एक शहाणे. दोघंही जा आता."

दोघं गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वास परत येईलही, नाहीही येणार. खात्रीने सांगता येत नाही. पण रोज सकाळी ओळखीचे चार वास घेत राहा, नाकाला आठवण राहते. वन्संनी लगेच गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांच्या चार पुरचुंड्या शिवल्या, आणि लवंग, कॉफी, संत्र्याची साल, दालचिनी त्यांत भरली. रोज सकाळी डोळे मिटलेल्या वहिनीच्या नाकाखाली त्या एकेक धरत. "कसला?"

"कसलाच नाही."

"बरं. उद्या बघू."

केक पुन्हा झाला. अक्रोड वन्संनी एकेक चाखून निवडले, आणि ओव्हनपाशी नाक लावून त्याच बसल्या. पहिला घास घेतल्यावर कपाळाला आठ्या. "साखर जास्त. नाशपती पाणचट. आणि दालचिनीचं नाव नको."

"आणखी?" वहिनीने खुर्ची पुढे ओढली. इतकं बरं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. वन्संनी मग सढळ हाताने ऐकवलं.

पंधरा दिवसांचा महिना झाला. काठाचा शेवटचा टाका घालून, गोधडी दोरीने बांधून वन्सं आपल्या घरी गेल्या.

पहिलं धुकं पडलं त्या सकाळी वहिनीने त्यांना फोन लावला. "वन्सं, कपातल्या कॉफीला जळक्या रबराचा वास येतोय!"

"येतोय?"

"घाण येतोय. पण येतोय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवात अशीच होते कधीकधी."

पलीकडून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"अगं, मग फोन ठेव," वन्सं म्हणाल्या, "आणि आधी ती कॉफी पी."