सगळीकडे ‘नाही’ लिही

“बसा ना, ग्यूहोच्या आई,” समुपदेशक प्योबाईंनी दुसऱ्यांदा म्हटलं, पण मिसुक दाराशीच उभी राहिली. गुनसान शहरातल्या याच शाळेच्या स्वयंपाकघरात ती कामाला होती. या खोलीत शिरताना बरोबरच्या बायकांनी पाहिलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होईल, या धास्तीनं ती मागच्या जिन्यानं आली होती.

दर वसंतात सातवीच्या मुलांना गेमच्या नादाबद्दल लेखी प्रश्न विचारतात. मिसुकनं ग्यूहोला आदल्या दिवशीच बजावलं होतं, “सगळीकडे ‘नाही’ लिही. एकदा नावाला डाग लागला की कॉलेजही गेलं.” असं घरोघरी बजावतात. तरीही बोलावणं आलंच.

“वयच आहे हो त्याचं,” ती म्हणाली. “कुठला पोरगा खेळत नाही?”

“खेळण्याबद्दल नाही बोलत मी. आत्ताच हात दिला तर सावरेल. समुपदेशनाला तुमची संमती तेवढी हवी. दाखल्यावर काही येत नाही.”

“आज येत नाही. उद्याचं कुणी पाहिलंय?”

तिची खरी भीती मात्र वेगळीच होती. गेल्या आठवड्यात तिनं चालू गेमची वायर उपटली, तेव्हा ग्यूहोनं तिला ढकललं. ती कपाटावर आपटली. तेरा वर्षांचं पोर ते, पण त्याचे डोळे पाहून ती घाबरली. तेव्हापासून ती आपल्याच घरात चोरासारखी वावरत होती. खांद्याला काय झालं म्हणून बायकांनी विचारलं, तर पाय घसरला म्हणाली.

“त्यानं ‘नाही’च लिहिलं असेल ना?” ती चाचरत म्हणाली.

“नाही. सगळं खरं लिहिलंय. मी त्याला बोलावून विचारलं, आईला काय सांगू? तर म्हणाला, ‘मला माझीच भीती वाटते. पुन्हा आईला लागलं तर?’”

मिसुक मटकन खुर्चीत बसली. इतके दिवस ती पोराला घाबरत होती, आणि पोरगंही स्वतःलाच घाबरून बसलं होतं. तिनं त्याला खोटं शिकवलं, तरी त्यानं आपणहून मदत मागितली. तिला स्वतःची लाज वाटली. तिनं संमतीपत्रावर सही केली. भीती काही गेली नव्हती.

बाहेर ग्यूहो भिंतीला टेकून उभा होता. ती जवळ येताच त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.