जोन्स कर्ण्याची फुंकर

मित्रांनो, मी एक जुने श्वास मोजणारे यंत्र आहे. नळीत जोरात फुंकले की माझा भाता वर उचलला जातो आणि माझी लेखणी कागदावर रेघ काढते. रेघ उंच चढली तर फुप्फुसे ठणठणीत. खुरटली तर दगडाची धूळ छातीत ठाण मांडून बसली असेल, अशी शंका घ्यायची.

दरवर्षी मी तपासणीच्या व्हॅनमधून वेल्सच्या डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणीवर जात असे. तिथे निम्म्या गावाचे आडनाव जोन्स! म्हणून दगड कापणाऱ्या इदवालला सगळे जोन्स करवत म्हणत आणि त्याच्या शेजारीच काम करणाऱ्या, बँडमध्ये मोठा कर्णा फुंकणाऱ्या ट्रेफरला जोन्स कर्णा. आमच्या नव्या सिस्टर मार्जोरी मात्र इंग्लंडहून आलेल्या. त्यांना सगळे जोन्स सारखेच.

इदवालला खोकला झाला होता. तपासणीत काम सुटेल, या धास्तीने त्याने ट्रेफरला गाठले.

"लेका, माझ्या नावावर तू फुंक ना! तुझी छाती म्हणजे लोहाराचा भाता."

"फुंकतो की! मी स्वतःची तपासणी कधी करतच नाही. कर्णा फुंकणाऱ्याला कसली आलीय धूळ?"

इदवालचे नाव पुकारताच ट्रेफर ऐटीत आत आला. त्याने मिशा पुसल्या, गाल फुगवले आणि फुंकले. आता माझा भाता छताला लागणार, असे मला वाटले. कसले काय! लेखणी जराशी चढली आणि दमून बसली. तीनदा तेच झाले.

"इदवाल, छातीचा फोटो काढायला हवा," सिस्टर म्हणाल्या. "तोवर धुळीत काम बंद."

ट्रेफर बाहेर गेला आणि मित्राच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वाईट बातमी आहे रे इदवाल. तुझी छाती पार कामातून गेली!"

"अरे गाढवा, फुंकलं कोणी?"

ट्रेफरचा हात मित्राच्या खांद्यावरून स्वतःच्या छातीवर आला. इदवाल गप्प राहिला असता तर त्याची लबाडी झाकली गेली असती. पण त्याने ट्रेफरला दंडाला धरून आत आणले.

"सिस्टर, ती छाती याची आहे. माझी अजून मोजायचीय. रागवा हवं तर, पण आधी याला बघा."

सिस्टर भरपूर रागावल्या. इदवालचा खोकला साध्या सर्दीचा निघाला. ट्रेफरच्या छातीतली धूळ मात्र खरी होती. गेलेली धूळ परत निघत नाही, पण त्याला वेळीच मोकळ्या हवेतले काम मिळाले. बँडमध्ये तो आता ढोल बडवतो आणि गाव त्याला जोन्स ढोल म्हणते.

मी आता कपाटात पडून आहे. माझ्यावरची धूळ पुसली नाही तरी चालेल, मित्रांनो. पण तुमच्या घरचे कोणी धुळीत राबत असेल, तर त्यांना तपासणीला पाठवा. शेजाऱ्याकडून साखर आणता येते, शिडी आणता येते. फुंकर मात्र ज्याची त्यानेच मारायची असते.